प्राण्यांना रक्त चढवण्याचं प्रशिक्षण: जा, पण मदतनिसाला सोबत न्या

तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करणारे पशुवैद्य मित्रमैत्रिणी विचारतात, हे रक्तसंक्रमणाचं प्रशिक्षण घेण्यासारखं आहे का? माझं उत्तर आहे: घ्या, पण एकट्याने जाऊ नका. दवाखान्यात जो माणूस सलाईन लावताना जनावर धरतो आणि रात्री पिंजऱ्याशेजारी बसतो, त्याला सोबत न्या, त्याचीही फी भरा. पुण्यातल्या एका खासगी संस्थेचा हा अभ्यासक्रम मी आणि आमच्या दवाखान्यातले मामा (वयाने मोठे, म्हणून सगळे त्यांना मामाच म्हणतात) दोघांनी केला. चार आठवडे संध्याकाळी ऑनलाइन व्याख्यानं आणि शेवटी शनिवार-रविवार पुण्यात प्रात्यक्षिक. डॉक्टरांना फी साडेअकरा हजार, मदतनिसांना निम्मी. मामांसाठी भरलेले पैसे माझ्या फीपेक्षा जास्त कामाला आले, असं मी आज सांगू शकते.

माझा दवाखाना संगमनेरच्या बाजूला आहे. सकाळी गोठे, संध्याकाळी कुत्री-मांजरं. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचीड तापाची कुत्री रांगेने येतात. एर्लिकिया, बॅबेसिया हे गोचिडीतून रक्तात शिरणारे जंतू, कधी दोन्ही एकदम. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के) १२ किंवा त्याहून कमी, चार पावलं टाकली की धाप. औषध बरोबर निवडलं तरी त्याचा परिणाम दिसेपर्यंत जनावर जगलं पाहिजे, आणि तो वेळ रक्तच मिळवून देतं. उंदराचं औषध खाल्लेल्या कुत्र्यांचंही तसंच. व्हिटॅमिन के देतोच, पण ते काम करायला लागेपर्यंत आतला रक्तस्राव थांबत नाही. अशा वेळी मालकाला नाशिकला किंवा पुण्याला जा म्हणणं म्हणजे मरणाच्या दारातलं जनावर गाडीत तासन् तास हलवणं. आणि तिकडे पोचल्यावर पिशवी तयार असेलच, याची खात्री कुणी देत नाही. चेन्नईत मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्राण्यांची रक्तपेढी आहे. तसं काही आपल्या तालुक्यात नाही, आणि जवळच्या काळात होईल असं मला वाटत नाही. त्यामुळे रक्तपेढी नसलेल्या ठिकाणी सुरक्षितपणे रक्त कसं द्यायचं, एवढा एकच प्रश्न घेऊन मी गेले होते.

ऑनलाइन भागात रक्तगटांचं व्याख्यान सर्वांत चांगलं झालं. कॉलेजात हे सगळं एका तासात उरकलं होतं. इथे कुत्रा आणि मांजर यांच्यातला फरक इतका स्पष्ट करून सांगितला की तो विसरणं शक्य नाही. कुत्र्यात महत्त्वाचा गट डीईए १, तो काही कुत्र्यांत असतो, काहींत नसतो. ज्या कुत्र्यात तो नाही, त्याच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडं (परक्या पेशींवर हल्ला करणारी द्रव्यं) जन्मतः नसतात. म्हणून पहिल्यांदा रक्त देताना गट जुळला नाही तरी सहसा लगेच काही होत नाही, आणि यामुळेच अनेक डॉक्टरांना वर्षानुवर्षं वाटत राहतं की कुत्र्याला कुठलंही रक्त चालतं. पण चारएक दिवसांनी शरीर तयार झालेलं असतं. तेव्हा दुसरी पिशवी लावली तर त्या पेशी फुटतात आणि जनावर हातचं जाऊ शकतं. मांजराचं उलटं आहे. ए, बी आणि एबी असे गट, आणि चुकीच्या गटाविरुद्धची प्रतिपिंडं आधीपासूनच रक्तात हजर. बी गटाच्या मांजराला ए गटाचं रक्त अगदी थोडं गेलं तरी जीव जाऊ शकतो. त्यामुळे मांजरात पहिल्या थेंबाआधी गट तपासायचा, त्यात तडजोड नाही. व्याख्यात्या मॅडमनी ही गोष्ट तीनदा सांगितली आणि तीनदा सांगितली हे योग्यच झालं. मांजर पाळणारी घरं आमच्याकडेही झपाट्याने वाढताहेत.

मांजराला नाइलाजाने कुत्र्याचं रक्त देण्याचा विषयही त्यांनी टाळला नाही. त्या पेशी मांजराच्या अंगात चारेक दिवसच टिकतात, आणि पुन्हा तसं रक्त दिलं तर घातच होतो. म्हणजे आयुष्यात एकदाच वापरता येणारा मार्ग, तोही मालकाला सगळं सांगून, लेखी संमती घेऊन. हे उघडपणे बोललं गेलं याचं मला समाधान वाटलं, कारण लहान गावात हा प्रसंग येतोच आणि तेव्हा फोन करून विचारायला कुणी नसतं.

रक्ताचे घटक वेगळे करण्यावर मात्र दोन संध्याकाळी गेल्या. थंड सेंट्रीफ्यूज (रक्त फिरवून घटक वेगळे करणारं यंत्र), प्लाझ्मा (पेशी काढून उरलेला द्रव) उणे १८ अंशाखाली गोठवून वर्षभर ठेवणं, प्लेटलेट २२ अंशाला हलत्या ट्रेवर. ऐकायला छान, पण वर्गातल्या निम्म्याहून अधिक लोकांकडे साधा औषधांचा फ्रिज होता. तो वेळ दात्याच्या निवडीला दिला असता तर बरं झालं असतं.

दात्याबद्दलच मला जास्त सांगायचं आहे. पुस्तकातला आदर्श रक्तदाता २५ किलोंच्या वरचा, एक ते आठ वर्षांचा, शांत स्वभावाचा, लसीकरण झालेला, आधी कधी रक्त न चढवलेला, पीसीव्ही ४० च्या वर. त्याच्याकडून ४५० मिली घ्यायचं. आमच्याकडचा गावठी कुत्रा १८-२० किलोंचा. मग काय करायचं? प्रात्यक्षिकाला आलेल्या सरांनी याचं उत्तर गणित मांडून दिलं. माणसांच्या रक्तपेढीत वापरतात ती ३५० मिलीची पिशवी घ्या. तिच्यात ४९ मिली सीपीडीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रावण, असतं. दाता लहान असेल आणि २०० मिलीच घ्यायचं असेल तर एवढ्या रक्ताला २८ मिली पुरतं, म्हणून वरचं २१ मिली आधी निर्जंतुक पद्धतीने काढून टाका. नाहीतर त्यातलं सायट्रेट जास्त होतं आणि रुग्णाचं कॅल्शियम खाली जातं. पिशवी अशी एकदा उघडली की ती साठवायची नाही, फ्रिजमध्ये ठेवली तरी २४ तासांच्या आत वापरायची. पिशवी किती भरली हे डोळ्यांनी ठरवायचं नाही, काट्यावर ठेवायची. एक मिली रक्त साधारण १.०५ ग्रॅम, म्हणजे ३५० मिलीला ३६८ ग्रॅम, त्यात सीपीडीएसकट रिकाम्या पिशवीचं वजन मिळवायचं. किराणा दुकानातला छोटा डिजिटल काटा त्यांनी टेबलावर ठेवला होता. मी पुण्याहून निघताना तसाच एक घेऊन आले.

मांजरासाठी ६० मिलीची सिरिंज, तिच्यात ७ मिली सीपीडीए आणि बटरफ्लाय सुई. चार किलोंच्या वरच्या, लठ्ठ नसलेल्या मांजराकडून ५० मिलीच्या आसपास, तेही भूल देऊन. हे मात्र फक्त व्हिडिओवर दाखवलं.

दाता निरोगी दिसतो म्हणून निरोगी असतो असं नाही, आणि आपल्या भागात तर हे फारच खरं आहे. एर्लिकिया अंगात बाळगून हिंडणारी, वरून धडधाकट दिसणारी कुत्री मी रोज बघते. रक्ताच्या स्लाइडवर काही दिसलं नाही म्हणून सुटलो असं होत नाही. जमेल तिथे दात्याची पीसीआर (जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि एर्लिकिया, ॲनाप्लाझ्मा, बॅबेसियाची चाचणी आधीच करून ठेवायची, म्हणजे ऐन वेळी फक्त पीसीव्ही आणि स्लाइड बघायची. यावर अमेरिकेतल्या एसीव्हीआयएम या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेची २०१६ ची शिफारस आहे, ती पूर्ण वाचायला दिली होती. या अभ्यासक्रमातलं सर्वांत मोलाचं वाचन तेच होतं.

दाता कुठून आणायचा, यावरही वर्गात बरीच चर्चा झाली. २०२५ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने प्राण्यांच्या रक्तसंक्रमणासाठी आणि रक्तपेढ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात दान ऐच्छिक असावं, मोबदला नसावा, मालकाची माहितीपूर्ण संमती असावी आणि गट तपासणी व क्रॉसमॅच (दात्याचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का, ही चाचणी) व्हावी, यावर भर आहे. वर्गात एकाने विचारलं, रस्त्यावरच्या कुत्र्याचं रक्त घेतलं तर कुणाची परवानगी लागते? सरांनी शांतपणे सांगितलं की ज्याच्या वतीने कुणी नाही म्हणू शकत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. मला हे मनापासून पटलं. त्या कुत्र्याचा इतिहास माहीत नसतो, नंतर त्याला चक्कर आली तर बघायला कुणी नसतं. आणि यात त्या कुत्र्याचा काही फायदाही नसतो. आमच्या तालुक्यात जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर आणि दणकट गावठी कुत्री पाळणारे शेतकरी भरपूर आहेत. विचारलं तर लोक हो म्हणतात. दुसऱ्याचं जनावर वाचतंय म्हटल्यावर माणूस सहसा मागे हटत नाही. फक्त दोन दानांत किमान आठ आठवडे जाऊ द्यायचे आणि मालकाला तपासण्या मोफत करून द्यायच्या, हे आपल्या बाजूचं.

आता प्रात्यक्षिक. शनिवारी क्रॉसमॅच. दात्याच्या पेशी सलाईनने तीनदा धुवायच्या, रुग्णाच्या प्लाझ्मात मिसळायच्या, ३७ अंशाला ठेवायच्या, फिरवायच्या, मग नळी हलकेच वाकडी करून बघायचं की पेशी सुट्या होतात की गुठळ्या राहतात, आणि वरचा द्रव गुलाबी झालाय का, म्हणजे पेशी फुटल्यात का. मी हे वाचलेलं होतं. पण रुलो म्हणजे नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटलेल्या पेशी आणि खरी गुठळी यातला फरक हातात नळी धरल्याशिवाय कळत नाही. सलाईनचा थेंब टाकला की चळत सुटते, खरी गुठळी सुटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही शेजारी शेजारी ठेवले होते. या एका टेबलासाठी मी पुन्हा पैसे भरेन. कुठलंही महाग उपकरण नव्हतं, आपल्या दवाखान्यात असतं तेवढंच सामान.

त्यानंतर हिशोब. २४ किलोंचा लॅब्राडोर, पीसीव्ही ११, तो २२ वर न्यायचा आहे, दात्याचा ४४. सूत्राने ५४० मिली येतं. दुसरा सोपा ठोकताळा असा की किलोमागे २ मिली रक्ताने पीसीव्ही एकाने वाढतो, त्याने ५२८ येतं. दोन्ही जवळपास सारखंच. पण हातात ३५० ची एकच पिशवी असेल तर? मग १८ पर्यंत पोचेल, आणि त्या जनावराचा श्वास शांत झाला, नाडी खाली आली, ते उठून पाणी प्यायलं, तर तेवढंच पुरेसं. आकड्यामागे न धावता जनावराकडे बघा, हे सरांनी चांगलं ठसवलं.

रविवारचं सत्र मदतनिसांचं होतं आणि तिथे डॉक्टरांना मागे बसवलं. ही कल्पना ज्याची असेल त्याला माझा नमस्कार. आपण डॉक्टर रक्त लावून देतो आणि पुढच्या रुग्णाकडे जातो. पिशवी संपेपर्यंतचे चार तास मदतनीस बघत असतो. त्याला काय बघायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. इथे प्रत्येकाला एक तक्ता दिला: वेळ, ताप, नाडी, श्वास, हिरड्यांचा रंग, लघवीचा रंग, थेंब. सुरुवातीला दर पाच मिनिटांनी, मग पंधरा, मग अर्धा तास. त्या २४ किलोंच्या कुत्र्याला २० थेंबांच्या (२० थेंबांना एक मिली) सेटवर पहिली पंधरा मिनिटं मिनिटाला फक्त ८ थेंब, सगळं ठीक असेल तर पुढे ३३च्या आसपास, आणि पिशवी चार तासांच्या आत संपवायची. सेट गाळणीवालाच. त्याच नळीत रिंगर लॅक्टेट अजिबात नाही, त्यातल्या कॅल्शियमने रक्त गोठतं. फक्त साधं सलाईन. पिशवी गरम पाण्यात ठेवायची नाही.

मग सरावाचा प्रसंग. सर मध्येच आकडे बदलून सांगायचे. ताप ३८.६ होता, दहा मिनिटांत ३९.९ झाला, काय कराल? काही जण डॉक्टरांकडे बघू लागले. मामांनी आधी नळीचा क्लॅम्प बंद केला आणि मग तोंड उघडलं. सर म्हणाले, "बरोबर. आधी बंद, मग फोन." सुई काढायची नाही, नवीन सेटने सलाईन सुरू ठेवायचं, पिशवीवरचं नाव पुन्हा वाचायचं, रुग्णाचं थोडं रक्त काढून फिरवायचं आणि वरचा भाग लाल दिसतो का बघायचं. पिशवी फेकायची नाही. एव्हिल (ॲलर्जीचं औषध) आणि डेक्सा (स्टेरॉइड) आधीच टोचून ठेवलं की धोका टळतो, हा समजही तिथे खोडून काढला. त्याने चुकीच्या गटाच्या पेशी फुटायच्या थांबत नाहीत, फक्त सुरुवातीची काही लक्षणं झाकली जाऊ शकतात. आमच्या भागात ही सवय फार खोल आहे.

परत आल्यावर तो तक्ता मी मराठीत करून घेतला, लॅमिनेट केला. थोड्याच दिवसांत एका शेतकऱ्याच्या लॅब्राडोरला रक्त द्यावं लागलं. क्रॉसमॅच जुळला, पिशवी लावली. वीसेक मिनिटांनी मामांनी हाक मारली, "मॅडम, क्लॅम्प बंद केलाय, डोळ्यांभोवती फुगलंय." ताप वाढलेला नव्हता, प्लाझ्मा स्वच्छ होता. ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं, सूज उतरल्यावर हळू थेंबांनी पुन्हा सुरू केलं, पिशवी पूर्ण गेली. मालक शेजारीच बसले होते, त्यांना ती सूज दिसलीही नव्हती. मी त्या वेळी पलीकडच्या खोलीत टाके घालत होते.

तक्रारीही आहेत. प्रात्यक्षिकाची तुकडी फार मोठी होती. दात्याच्या मानेच्या शिरेतून रक्त घेणं एकाच कुत्र्यावर दाखवलं. दात्याला त्रास नको म्हणून एकच कुत्रा, हे मला मान्य आहे, पण मग शिरेचं मॉडेल तरी ठेवायला हवं होतं. मागे उभ्या असलेल्यांना सुई कुठल्या कोनात गेली ते दिसलं नाही. रक्तगटाच्या तयार पट्ट्या महाग असतात म्हणून एका गटाला एकच दिली, ती ज्याच्या हातात आली त्याचंच शिक्षण झालं. सगळं छापील साहित्य इंग्रजीत होतं. मदतनिसांना निम्म्या फीत बोलावता तर त्यांच्या भाषेत चार पानं द्यायला हवीत. रविवारच्या सरांनी मराठीत बोलून भरून काढलं, पण ते त्यांचं वैयक्तिक मोठेपण होतं. आणि प्रमाणपत्र मदतनिसांना दिलंच नाही, फक्त डॉक्टरांना. मामांनी काही म्हटलं नाही. मी आयोजकांना पत्र लिहिलं आहे.

सर्वांत मोठी उणीव मात्र गाईची. वर्गात नगर, सांगली, कोल्हापूरकडचे बरेच जण होते. आमच्याकडे एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाईंना थायलेरिया हा गोचिडीतून येणारा आजार होतो, त्यावरचं बुपारव्हाक्वोन हे औषध देऊनही रक्त इतकं उतरलेलं असतं की गाय उभी राहत नाही. लाखभर रुपयांची गाय म्हणजे त्या घराचा महिन्याचा पगार असतो. यावर संपूर्ण अभ्यासक्रमात अर्ध्या तासाच्या वर काही नव्हतं. खरं तर गाईला रक्त देणं सामानाच्या दृष्टीने सोपं आहे. दाती त्याच गोठ्यात किंवा शेजारी असते, किलोमागे १० मिली सहज देते, म्हणजे ४०० किलोंची गाय चार लिटर. ३.८ टक्के सोडियम सायट्रेट एक भाग, रक्त नऊ भाग. गाईत रक्तगटांच्या अकरा प्रणाली, पूर्ण जुळणारी दाती मिळणं अशक्यच, पण पहिलं रक्त बहुधा सोसतं. दिलेल्या पेशी मात्र थोडेच दिवस टिकतात, म्हणून मिळालेल्या वेळात मूळ आजार आटोक्यात आणावा लागतो. आणि आठवड्यानंतर पुन्हा द्यायची वेळ आली तर जपून. दातीला स्वतःला थायलेरिया, ॲनाप्लाझ्मा, ब्रुसेला नाही हे बघायचं. हे सगळं एका पूर्ण दिवसाचं सत्र आहे, गोठ्यावर, खऱ्या गाईच्या मानेशी उभं राहून शिकवण्याचं.

आयोजकांना मी तेच कळवलं आहे: गाई-म्हशींसाठी वेगळा दिवस ठेवा, पुण्यातच हवा असं नाही, आमच्याकडे गोठा आम्ही देऊ. आणि ठेवाल तेव्हा मेच्या मध्यापर्यंत उरका. पाऊस सुरू झाला की गोचिडं वाढतात, मग आम्हाला गाव सोडून निघता येत नाही.